आयटीआय झाल्याबरोबर कर्ज काढून वर्कशॉप टाकावं का?

चकमक
टर्नर, मशिनिस्ट झालेली पोरं कंत्राटदाराच्या दारात ताटकळतात, हे मला पटत नाही. पीएमईजीपीत, म्हणजे स्वयंरोजगारासाठी कर्ज आणि अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, उत्पादनासाठी 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. गावात 10 लाखांचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीप्रमाणे भाग बनवून देणारं वर्कशॉप टाकलं, तर सर्वसाधारण गटाला स्वतःचा 1 लाख, बँकेचे 9 लाख आणि 25 टक्के, म्हणजे अडीच लाख अनुदान. महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमातींना 35 टक्के, शिवाय स्वतःचा वाटा 5 टक्केच. मग थांबायचं कशाला?

कर्जखाते
अडीच लाख हातात येत नाहीत, हे आधी सांगा. ते 3 वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतात. त्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्या कर्जावर लागतही नाही. खरी गोम कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या कर्जमर्यादेची. या 3 वर्षांत एकदा तरी मर्यादा पूर्ण वापरावी लागते आणि एकूण वापर 75 टक्क्यांखाली जाऊन चालत नाही. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जातं. प्रकल्प अहवालात खेळतं भांडवल फुगवून दाखवलं की नेमकं इथेच अडकायला होतं. आणि जमिनीची किंमत प्रकल्पात धरताच येत नाही.

मायक्रोमीटर
कर्ज फेडता येईल हो, पण कामाचा दर काढता येतो का? 50 नगांची ऑर्डर आहे, एका नगाला 4 मिनिटं लागतात, म्हणून नवखा 200 मिनिटांचा दर देतो. मशीनवर चक, टूल, ऑफसेट लावायला, म्हणजे सेटिंगला, दीड तास गेला तो कुठे धरला? खरा वेळ 290 मिनिटं. तीच ऑर्डर 500 नगांची असती तर सेटिंग नगामागे जेमतेम 11 सेकंद पडलं असतं. हे वर्गात फळ्यावर कळत नाही, शॉपफ्लोअरवर कळतं. म्हणून आधी अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत स्टायपेंडवर उमेदवारी. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात.

चकमक
घेतात, आणि वर्षभर डीबरिंगला, म्हणजे भागांच्या खरबरीत कडा घासायला, बसवतात! सेटिंगला हात लावू देत नाहीत. त्या स्टायपेंडमध्ये खोलीभाडं आणि मेस भागत नाही.

मायक्रोमीटर
डीबरिंगचं म्हणणं मान्य. म्हणून कंपनी निवडताना नाव बघू नका. टूलरूम (हत्यारं आणि साचे बनवायचा विभाग) आहे का आणि कोणत्या महिन्यात कोणत्या मशीनवर ठेवणार, हे करार करण्याआधी विचारा.

कर्जखाते
टाकायचंच ठरलं तर एका गिऱ्हाइकावर विसंबून टाकू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशी करा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे कराराने ठरलं तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. पण मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर माल मिळाल्याची सही-तारीख नसेल, तर दिवस कुठून मोजायचे यावरच वाद होतो.

चकमक
सहीचं बरोबर. पण मग हे कर्ज मंजूर करतानाच शिकवा ना! उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं आहेच, त्यात चलन आणि सेटिंगचा हिशोब घाला. पोरांना दोन वर्षं मागे ढकलू नका.