खालून तेल भरणे योग्यच, पण वॉशरही बदलावेत

स्टर्न ड्राइव्हमध्ये (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर बसवलेला, प्रोपेलर फिरवणारा गिअरचा भाग) गिअर ऑइल वरून न ओतता खालच्या ड्रेन प्लगच्या (तेल काढण्याच्या बुचाच्या) छिद्रातून पंपाने भरावे, हे या चर्चेत मांडलेले मत मला पूर्णपणे पटते. तेल खालून चढत गेले की आतली हवा वरच्या छिद्रातून बाहेर पडते आणि पातळी फसवी राहत नाही. मात्र प्लगखालच्या वॉशरचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही. एका हंगामात मी जुनेच वॉशर पुन्हा बसवले, कारण ते दिसायला धड होते. पुढच्या वेळी ड्रेन प्लग सैल करताच आधी पाण्याची बारीक धार आली आणि मागोमाग दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे, म्हणजे पाणी मिसळलेले तेल. तेव्हापासून मी दर वेळी नवे वॉशर लावतो, आणि तरीही तेल दुधाळ निघाले तर नुसते तेल बदलून न थांबता सीलची (शाफ्टभोवती पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यांची) दाबचाचणी करून घेतो, कारण प्रोपेलरच्या शाफ्टवर गुंडाळली गेलेली मासेमारीची दोरी सील कापू शकते.

भरून झाल्यावर आधी वरचा प्लग घट्ट करावा आणि मगच पंपाची नळी काढावी; वरून हवा शिरत नसल्यामुळे खालचा प्लग बसवेपर्यंत तेल फारसे सांडत नाही.