मदत संस्थेच्या व्यवस्थापकाला लैंगिक अत्याचाराबाबत नेमकं काय शिकवायचं?

रानवारा (धागालेखक)
आपत्तीत किंवा युद्धात काम करणाऱ्या संस्थांच्या व्यवस्थापकांना या विषयावर जे प्रशिक्षण मिळतं, त्यात व्याख्याच फार असतात. त्यांना अर्धामुर्धा समुपदेशक बनवण्याचा खटाटोप सोडावा, असं माझं मत. त्यांना आधी घड्याळ कळायला हवं. एचआयव्ही रोखणारी औषधं अत्याचारानंतर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि पुढे 28 दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी लेव्होनॉरजेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची गोळी 120 तासांपर्यंत देतात, पण उशीर होईल तसा तिचा उपयोग कमी होत जातो. शुक्रवारी संध्याकाळी कानावर आलेली गोष्ट 'सोमवारी बघू' म्हणून ठेवली, तर पहिली मुदत बहुधा हुकलीच. म्हणून सरावाला प्रसंग शुक्रवार संध्याकाळचाच द्यावा: गाडी बाहेर गेली आहे, केसवर्कर (पीडित व्यक्तीला मदत मिळवून देणारा कर्मचारी) फोन उचलत नाही, दवाखान्यात औषधं शिल्लक आहेत की मुदत उलटलेली आहेत ते माहीत नाही. आता काय कराल?

बोलायचंही मोजकंच. आत्ता सुरक्षित आहात का, दवाखान्यात जायचं आहे का, सोबत कोण हवं. कुठे, कसं, तेव्हा आरडाओरडा का केला नाही, यातलं काहीही विचारायचं नाही.

खडीसाखर
घड्याळाचं पटलं. पण खऱ्या गाठीला तुम्ही हातच लावला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचं 2003 चं परिपत्रक म्हणतं की मदतकर्मी सहकाऱ्याबद्दल नुसता संशय आला तरी कळवलंच पाहिजे. प्रशिक्षणात मात्र शिकवतात की निर्णय पीडित व्यक्तीचा. आता समजा, आरोपी आपल्याच संस्थेचा गोदामपाल आहे आणि बाई म्हणते, 'कुणाला सांगू नका, माझं रेशन बंद होईल.' व्यवस्थापकाने कुणाचं ऐकायचं? सकाळच्या सत्रात तिच्या इच्छेचा मान राखायला सांगायचं आणि दुपारी सक्तीने कळवण्याच्या फॉर्मवर सही घ्यायची, हा दुटप्पीपणा आहे. पीडित व्यक्ती प्रौढ असेल तर तिच्या संमतीशिवाय कळवण्याची सक्ती काढून टाका.

रानवारा
सक्ती न काढताही वाट निघते, फक्त क्रम बदलावा लागतो. ती बोलायला लागण्याआधीच सांगायचं: 'आमच्या माणसाबद्दल काही सांगितलंत तर मला ते वर कळवावं लागेल. तुमचं नाव न घेताही कळवता येतं. आणि तक्रार केली नाहीत तरी उपचार मिळतीलच.' हे सगळं ऐकून झाल्यावर सांगितलं तर दगाच वाटतो. शेवटचं वाक्य तर पाठच हवं, कारण उपचार तक्रारीवर अवलंबून आहेत असा समज झाला की माणसं दवाखान्यातही येत नाहीत.

गणगोत
एक घोळ आधी निस्तरू. वर कळवण्याची ही सक्ती आरोपी मदतकर्मी असेल तेव्हाची आहे. हल्ला नवऱ्याने, शेजाऱ्याने किंवा बंदूकधाऱ्याने केला असेल, तर प्रौढ व्यक्तीच्या संमतीशिवाय संस्थेने माहिती पुढे पाठवायची नसते. स्थानिक कायदा काही वेगळं सांगत असेल तर ते आधीच माहीत करून घ्यावं. मुलांच्या बाबतीत नियम वेगळे. प्रशिक्षणात दोन्ही प्रकार एकाच स्लाइडवर येतात आणि मग व्यवस्थापक घरगुती अत्याचाराची माहितीही मुख्यालयाला ईमेल करून मोकळा होतो.

उंबरठा
खडीसाखर, सक्ती काढली की काय होतं ते दिसलेलं आहे. 2010 च्या भूकंपानंतर हैतीत ऑक्सफॅम या मदत संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांवर लैंगिक शोषणाचे आरोप झाले. 2011 मध्ये संस्थेच्या हैतीतल्या प्रमुखाला राजीनामा देऊन जाऊ दिलं, पुढे त्याला दुसऱ्या संस्थेत काम मिळालं, आणि 2018 मध्ये सगळं चव्हाट्यावर आलं. काँगोतल्या इबोला साथीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने 2021 मध्ये लैंगिक शोषणाचे 83 संशयित नोंदवले, त्यातले 21 त्याच संघटनेचे. नोकरीचं आमिष दाखवून शोषण झाल्याचं अनेक जणींनी सांगितलं. असा माणूस एकीपाशी थांबत नाही. पहिलीच्या गुप्ततेची किंमत पुढचीने मोजायची का?

टाचणी
तुम्ही सगळे वरच्या मजल्यावर भांडताय. गुप्तता फुटते ती कारकुनी कामात. प्रवासखर्चाच्या व्हाउचरवर बाईचं पूर्ण नाव, गाडीच्या लॉगबुकात 'दवाखाना' आणि तिच्या घराचा पत्ता, संस्थेचं बोधचिन्ह रंगवलेली गाडी थेट दारात, ईमेलला पाच जणांना प्रत. दुभाषा त्याच वस्तीतला, बहुधा आरोपीच्या नात्यातला. वर वस्तीत तातडीने 'जनजागृती' बैठक, म्हणजे काहीतरी घडलंय हे सगळ्यांना कळावं! लेखापाल आणि ड्रायव्हर यांना न शिकवता फक्त व्यवस्थापकाला शिकवणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीला झाकण बसवणं. व्हाउचरवर सांकेतिक क्रमांक टाका, नावाशी जोडणारी यादी एकाच कुलपात ठेवा. संपर्कयादीतले सगळे नंबर दर महिन्याला लावून पाहा. अर्धे बंद निघतील.

खडीसाखर
उंबरठा, हैतीत प्रकरण वर पोचलेलंच होतं. वरच्यांनी ते मिटवलं. म्हणजे तुमचंच उदाहरण सांगतं की नुसतं कळवण्याने पुढची वाचत नाही. आणि रानवारा, 'नाव न घेता' हे कागदावर सोपं. वाटप केंद्रावर तीनच बायका कामाला असतील, तर गोदामपालाविरुद्ध तक्रार आली एवढं कळलं की कुणी केली हे ओळखायला एक दुपार पुरते.

उंबरठा
हे मान्य. म्हणूनच कळवणं आणि चौकशी सुरू करणं यांत अंतर ठेवायला शिकवावं. कळवताना जोखीम लिहायची: किती जणी, कोण ओळखू येईल, आरोपीचे लागेबांधे कुठे. मग चौकशी कधी आणि कशी, हे प्रशिक्षित चौकशी अधिकारी तिच्या सुरक्षिततेचा विचार करून ठरवतील. व्यवस्थापकाने स्वतः 'जरा विचारून बघतो' करायचं नाही. तेवढ्याने आरोपी सावध होतो, पुरावा जातो, आणि बाईला तेच चार ठिकाणी सांगावं लागतं. अफवा ऐकली तर अफवा म्हणूनच कळवायची, बाईला शोधत फिरायचं नाही. आणखी एक नेहमीची चूक: 'तिच्या भल्यासाठी' तिचीच बदली होते. हलवायचं तर त्याला, तेही शिक्षा म्हणून नव्हे, पगारी रजेवर.

गणगोत
पगारी रजेने तीन बायकांचा प्रश्न सुटत नाही. एकट्या गोदामपालाला अचानक रजा दिली की वस्तीला कारण कळतंच. त्यापेक्षा सगळ्याच केंद्रांवर गोदामाच्या कामाची पाळी ठरावीक काळाने बदलण्याचा नियम आधीपासून असेल, तर तो कुणाला खटकत नाही.

खडीसाखर
चालेल. पण पाळी बदलली तर तो दुसऱ्या केंद्रावर वाटपालाच बसणार ना? तिथल्या बायकांचं काय?

गणगोत
वाटपाला नाही. साठ्याच्या नोंदी, मुख्य कार्यालयात.