टाकी बदलण्याआधी पंपाचा व्हॉल्व्ह पाहावा

बाहेरच्या नळाला पाइप जोडला की कॅरॅव्हॅनमधील (राहण्याची सोय असलेल्या गाडीतील) स्वच्छ पाण्याची टाकी आपोआप भरून वाहू लागते, तेव्हा टाकीच बदलावी का, असे आपण विचारले आहे. कृपया अशी घाई करू नये. पंपाजवळ, अनेकदा पंपाच्या आतच, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, असतो. त्याच्या रबरी पडदीखाली वाळू किंवा क्षार अडकला, की नळाच्या दाबाने पाणी पंपातून उलटे टाकीत शिरते. पुण्यात बोअरचे जड पाणी भरणाऱ्यांनी तर हे आधी तपासावे. माझ्या गाडीत मोहरीएवढा पांढरा खडा निघाला. तो काढून पडदी व्हिनेगरमध्ये भिजवून पुसली आणि टाकी वाहणे थांबले. पंपाआधीची जाळीही त्याच वेळी धुवावी.

शौचालयाच्या मैल्याच्या टाकीचा सरकता व्हॉल्व्ह मात्र मुक्कामात कधीही उघडा ठेवू नये, कारण पाणी निघून जाते आणि घट्ट मळ तळाशी साचून राहतो. ती किमान दोन तृतीयांश भरल्यावर, योग्य जागीच, आधी रिकामी करावी आणि मग सांडपाण्याची (सिंक-अंघोळीच्या पाण्याची) टाकी सोडावी, म्हणजे पाइप आपसूक धुतला जातो. त्या सरकत्या व्हॉल्व्हला सिलिकॉन ग्रीसच लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगू शकते.