वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरावं की महिन्याच्या महिन्याला आणावं?

ओंजळभर:
गेल्या रविवारी आमच्याकडे यावरून चांगलीच वादावादी झाली, म्हणून इथे मांडते. आम्ही चिंचवडला राहतो. सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मी लग्न होऊन आले त्याला पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून आमच्या घरात एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरलं जातं. दीड क्विंटल लोकवन, तीस किलो तूरडाळ, पन्नास किलो कोलम, शिवाय मिरची-मसाला. यंदा नवरा म्हणाला, पुरे झालं आता, दर महिन्याला मोबाइलवरून मागवू, एकरकमी चौदा-पंधरा हजार कशाला घालायचे?

माझं मत ठाम आहे. भरावं. गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते आणि तिची डाळ उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येते. आवक भरपूर असते तेव्हा घ्यायचं, यात चूक काय? २०२३च्या एप्रिलमध्ये मी तूरडाळ ११८ रुपयांनी घेतली. त्याच दिवाळीला आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ती पावणेदोनशेला होती.

पण भावापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. जूनला फिया, वह्या, रेनकोट. मग गणपती, मग दिवाळी. या सगळ्या महिन्यांत पोळी-वरण-भाताची चिंता मला नसते. २०२०मध्ये नवऱ्याचा पगार तीन महिने निम्मा आला. त्या दिवसांत मी रोज सकाळी कोठीचं झाकण उघडून बघायचे. गहू दिसला की धीर यायचा. तो धीर कुठल्याही मोबाइलवरून मागवता येत नाही.

लोकलवाली:
ताई, धीराचं पटलं. पण तुमच्या लिहिण्यात एक शब्द मला टोचला. धान्य "भरलं जातं" असं लिहिलंय तुम्ही. भरतं कोण?

माझी आई भरायची. मे महिन्याची सुट्टी म्हणजे आमच्यासाठी आंबे आणि तिच्यासाठी गच्ची. सकाळी सातला चादरी पसरायच्या, गहू चाळायचा, खडे निवडायचे, तीन दिवस ऊन द्यायचं, कावळे-कबुतरं हाकलायची, मग एरंडेल चोळायचं. त्या तेलाचा चिकट वास आठवडाभर तिच्या हाताला असायचा, कितीही शिकेकाई लावली तरी. बाबा पोती चढवून द्यायचे आणि "झालं बुवा धान्य भरून" म्हणायचे.

मी डोंबिवलीला राहते, ३८० चौरस फुटांत. गच्चीला सोसायटीचं कुलूप. सकाळी सातची गाडी पकडते, रात्री आठला घरी. पाच किलो पिठाच्या दोन पिशव्या महिन्याला आणते. महाग पडतं, मला माहीत आहे. ते माझ्या मे महिन्याचे पैसे आहेत आणि ते मी आनंदाने देते.

हिशेबनीस:
आकडे मांडून बघू. लोकवन घाऊक बाजारात ३६नं मिळाला, दुकानात वर्षाची सरासरी ४१ धरली, तर दीडशे किलोवर साडेसातशे वाचतात. टेम्पोचे तीनशे आणि एरंडेलाचे दीडशे वजा करा. उरले तीनशे. महिन्याला पंचवीस रुपये! यात कुणाची मजुरी धरलेली नाही.

डाळीत फरक मोठा पडतो, पण तो दोन्हीकडे पडतो. २०२३ला तुमचा फायदा झाला. २०२४च्या मे महिन्यात भाव आणखी वर जाणार या भीतीने मी १७०नं पंचवीस किलो भरली. २०२५च्या सुरुवातीला नवी तूर आली, शुल्कमुक्त आयातही चालू होती, आणि उन्हाळ्यापर्यंत डाळ १२०च्या आसपास उतरली. माझ्या डब्यात तेव्हा नऊ-दहा किलो जुनी पडून होती. पाचशे रुपये गेले. रक्कम मोठी नाही. पण वर्षाचं धान्य भरणं ही हमखास बचत आहे, असं कुणी म्हणालं की मला हा डबा आठवतो.

आता मूळ मुद्दा. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चातला साधारण ४० टक्के खर्च खाण्यापिण्यावर आहे. एकूण खर्चात धान्याचा वाटा चार टक्क्यांच्या आतबाहेर, आणि पेयं व तयार पदार्थांचा ११ टक्क्यांच्या आसपास. गळती तिथे आहे. आपण गव्हाच्या पोत्यावर भांडतोय आणि शनिवारी रात्री मागवलेल्या जेवणाचा हिशेब वहीत लिहीतच नाही.

ओंजळभर:
लोकलवाली, तुमचा प्रश्न वाचून गप्प बसले. भरतो आम्ही दोघी, सासूबाई आणि मी. आता त्या ७४ वर्षांच्या आहेत, गेल्या वर्षी गच्चीचे जिने चढताना दोनदा थांबल्या. नवऱ्याला हे दिसलं म्हणून तो "बंद करू" म्हणाला असेल का, हा विचार रविवारी माझ्या मनात आलाच नाही. पैशांवरूनच बोलत राहिलो.

हिशेबनीस, पंचवीस रुपयांचा हिशेब मान्य. पण ते ११ टक्के आणि माझी कोठी यांचा संबंध आहे, निदान माझ्या घरात. दळण आणलेलं असलं, डाळ डोळ्यांसमोर असली की रात्री साडेआठलाही वरण-भात लागतो. पीठ संपलंय असं कळलं की पहिला हात मोबाइलकडे जातो. मग पिठाबरोबर बिस्किटं येतात, चिप्स येतात, आणि "आज काहीतरी मागवूया" हेही येतं. मी तीन महिने हे लिहून बघितलंय. ज्या आठवड्यात दळण वेळेवर झालं नाही, त्या आठवड्यात बाहेरचं जेवण एकदा तरी आलंच.

लोकलवाली:
साडेआठला वरण-भात लावणारं माणूसही घरात लागतं ना? कोठी भरलेली असून काय उपयोग, मी आठला दारात पाऊल ठेवते. आमच्याकडे नवरा कुकर लावतो, म्हणून निभतं. कोठीने नाही निभत.

मांजराकाठ:
लातूरकडचा आहे, तूर पिकवणाऱ्या घरातला. हिशेबनीस साहेब, डाळ १२०ला उतरली हे तुम्ही लिहिलंत, त्याची दुसरी बाजू सांगतो. २०२४-२५ला तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० होता. नवी तूर बाजारात आली तेव्हा आमच्याकडे भाव त्याच्याही खाली गेला होता. खरेदी केंद्रावर नोंदणी, मग निरोपाची वाट, मग ओलावा जास्त म्हणून परत. घरात लग्न काढलेलं माणूस थांबत नाही, मिळेल त्या भावाने अडत्याला देऊन येतं. आम्हीही दिली.

एक क्विंटल तुरीची डाळ सत्तर-पंचाहत्तर किलो पडते. बाकी चुनी-टरफल, ते जनावरांना जातं. तेव्हा तुम्ही दुकानात दिलेल्या पैशातले आमच्या हाती किती आले, ते तुम्हीच काढा.

माझं म्हणणं, भरायचंच असेल तर शेतकऱ्याकडून थेट भरा. आम्ही गेली चार वर्षं घरचीच तूर गावातल्या मिलवर भरडून पुण्यातल्या वीस-बावीस घरांना देतो. पॉलिश नसते, म्हणून दिसायला मळकट. शिजायला दहा मिनिटं जास्त घेते. चवीबद्दल घेणाऱ्यांना विचारा. आम्हाला बाजारापेक्षा दोन पैसे जास्त मिळतात, तुम्हाला दुकानापेक्षा स्वस्त पडते. पण यासाठी एकदम पंधरा-वीस किलो घेणारं गिऱ्हाईक लागतं. महिन्याला दोन किलो पाठवणं आम्हाला परवडत नाही.

हिशेबनीस:
मांजराकाठ, ही बाजू मी हिशेबात धरलीच नव्हती. धरायला हवी होती.

गल्ल्यावरून:
किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं बघतो. वर्षाचं भरणारी घरं आता आमच्या गल्लीत बोटांवर मोजण्याइतकी. खर्च आटोक्यात राहतो तो यादीवाल्यांचा. एक काकू दर महिन्याच्या तीन तारखेला कागद घेऊन येतात. मागच्या महिन्यात काय उरलं ते घरी डबे बघून आधीच खोडलेलं असतं. त्यांचं बिल सहा वर्षांत भावाप्रमाणे वाढलं, पण वस्तू वाढल्या नाहीत.

उलट ज्यांच्याकडून रोज कुणीतरी येतं, कधी पाव किलो साखर, कधी शंभर ग्रॅम तूप, त्यांची महिन्याची बेरीज बघून मलाच वाईट वाटतं. मोबाइलवरनं पैसे देताना हाताला कळत नाही ना!

अजून एक. १८ जुलै २०२२पासून छापील वेष्टणातल्या धान्य-डाळी-पिठावर पाच टक्के जीएसटी आहे, पंचवीस किलोपर्यंतच्या पिशवीवर. सुटं घेतलं तर नाही. तीस किलोचा कट्टा घेतला तरी नाही. म्हणजे सगळ्यात महाग पडते ती पाच-दहा किलोची छापील पिशवी. वर्षाचं नको असेल तर नका भरू, पण सुटं घ्या आणि तुमच्यासमोर तोलून घ्या.

मांडवीतीर:
आमच्या गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढं मे महिन्यात भरून ठेवायचं. सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मीठ, मिरची, चिंच, नारळ. मडगावला मे महिन्यात पुरुमेंताचं फेस्त, म्हणजे जत्रा, भरतं, अजूनही. पूर्वी पावसात होड्या बंद, वाटा बंद, म्हणून ते लागायचं. आज पावसातही सगळं मिळतं. तरी आई वर्षाचं नाही, चारच महिन्यांचं भरते, आणि मला वाटतं तुमच्या वादात हे मधलं माप कुणी बोललंच नाही. चार महिन्यांचं धान्य दोन डब्यांत मावतं. एकरकमी रक्कमही लहान.

कृषिपदवी:
भरणाऱ्यांसाठी थोडं काळजीचं. गहू दाताखाली कट्‌ आवाज करून फुटला पाहिजे. दबला तर त्यात ओल आहे, अजून ऊन द्या. उन्हातून आणलेलं गरम धान्य लगेच कोठीत भरू नका, रात्रभर सावलीत निवू द्या, नाहीतर आत घाम सुटतो आणि तळाला बुरशी धरते. गेल्या वर्षीचं धान्य तळाशी ठेवून वर नवं ओतणं ही सगळ्यात नेहमीची चूक. टोके तिथूनच येतात. कोठी पूर्ण रिकामी करा, पुसा, उन्हात ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. किडा लागू नये म्हणून तांदळाला लावतात ती बोरिक पावडर ही अन्नात मिसळायची वस्तू नाही, तांदूळ कितीही धुतला तरी. कुणी गोदामातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या "एक टाकली की वर्षभर किडा नाही" म्हणून दिल्या तर घरात घेऊच नका. त्यातून विषारी वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव जातात. एरंडेल, वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकण. एवढ्यावर टिकत नसेल तर कमी भरा.

लोकलवाली:
कमी भरा, हे पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. आईने कधी कमी भरलं नाही, कारण शेजारच्या काकूंकडे दोन क्विंटल भरायचे. त्या स्पर्धेत तिची कंबर गेली, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. आज तिला पाटावर बसता येत नाही. म्हणून मला राग येतो, ताई. तुमच्यावर नाही.

ओंजळभर:
तो राग कळला. काल रात्री जेवताना मी विषय पुन्हा काढला, पण या वेळी पैशांपासून सुरुवात केली नाही. सासूबाईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला गच्चीवर जायचं नाही आता. पण घरात धान्य असावं." नवरा म्हणाला, "मी तेच म्हणत होतो." तो तेच म्हणत नव्हता, पण मी वाद घातला नाही.

ठरलं ते असं. दीड क्विंटलऐवजी साठ किलो गहू, तोही गिरणीवाल्याकडून चाळून-निवडून. किलोमागे दोन-तीन रुपये जास्त जातील, जाऊ देत. तेवढा गहू गणपती होईपर्यंत पुरतो, मग पुन्हा बघू. तांदूळ महिन्याला सुटा. शनिवारच्या बाहेरच्या जेवणाचं वहीत वेगळं पान, ते नवरा लिहिणार. येत्या रविवारी चादर गच्चीवर नाही, बैठकीच्या खोलीत पसरायची. एरंडेल चोळायला तो आणि थोरला बसणार. सासूबाई खुर्चीवर बसून किती तेल घ्यायचं ते सांगणार. ओंजळीत गहू घेऊन चोळला की दाणा नुसता चमकला पाहिजे, हाताला ओघळ लागता कामा नये, हे त्यांचं माप मला शिकायला दोन वर्षं लागली होती. बघू या दोघांना किती लागतात.

मांजराकाठ, दहा-बारा किलो चालणार नाही हे समजलं. शेजारच्या दोन घरांना विचारलंय, मिळून वीस किलो होतात. भाव आणि चिंचवडपर्यंतचा वाहतूक खर्च निरोपात कळवा. पैसे आधी पाठवते.