मदत हवी आहे: प्रागमधली नोवी स्व्येत गल्ली, आईच्या गुडघ्यांना झेपेल असा रस्ता

मे महिन्यात आईला (वय ७०) घेऊन प्रागला जातेय. किल्ल्यामागची नोवी स्व्येत ही जुनी गल्ली तिला दाखवायची आहे. पायऱ्या नकोत. ट्राममधून कुठे उतरायचं? आणि खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेचं घर १ नंबरला म्हणतात, नकाशावर मात्र ७६ दिसतं. नक्की कुठलं?

मुशाफिर: मालोस्त्रान्स्का मेट्रो स्थानकाहून २२ नंबरची ट्राम, बिला होराच्या दिशेची. किल्ल्याच्या थांब्यावर निम्मी ट्राम रिकामी होते, तुम्ही बसून राहा. त्यापुढचा दुसरा थांबा पोहोर्झेलेत्स, तिथे उतरा. लोरेता या तीर्थस्थानाच्या चौकापर्यंत हलका उतार आहे. लोरेताकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे कॅपुचिन मठ, त्याच्या बाजूने चेर्निन्स्का गल्ली थेट नोवी स्व्येतमध्ये उतरते. कागदी तिकीट असेल तर पिवळ्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीटच, दंड होतो.

गोटेदगड: वरचा रस्ता बरोबर आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड जातो, आणि चेर्निन्स्कात फरसबंदीचे दगड आहेत. पावसानंतर ते निसरडे होतात, तेव्हा सरळ न उतरता तिरकं, छोट्या पावलांनी उतरा. आईंना जाड, मऊ तळव्याचे बूट आणि एक काठी द्या. चाकाची बॅग मुळीच नेऊ नका. परतताना तोच रस्ता चढण्यापेक्षा ब्रुस्नित्से हा ट्रामथांबा जवळ पडतो.

जुनीपाटी: घराचे दोन्ही नंबर खरे आहेत. प्रागमध्ये दारावर दोन पाट्या असतात. लाल पाटीवर त्या भागातला घरक्रमांक (ही पद्धत १७७० पासूनची), निळ्या पाटीवर रस्त्यावरचा. टायकोचं घर लाल ७६, निळा १. लाल नंबर ओळीने लागत नाहीत, तरी लोक शेजारच्या दारी ७७ शोधत बसतात. चालताना निळीच पाटी बघा. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने बोलावल्यावर टायको १६०० साली इथे राहिला. घराचं नाव 'सोनेरी ग्रिफिन', म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेला प्राणी. या गल्लीत घरांच्या नावात 'सोनेरी' पुष्कळदा येतं, सोनेरी नासपती वगैरे. ती नावं शोधत चालायला आईंना आवडेल.

मुशाफिर: सकाळी पावणेनऊला लोरेतासमोर पोहोचा. ९ वाजता तिथल्या घंटा सूर वाजवतात, तो ऐकूनच खाली उतरा. गल्लीत लोक राहतात आणि खिडक्या अगदी हाताच्या उंचीवर आहेत. आत डोकावून फोटो काढू नका.