१ मेगावॉट, कुसुम घटक-अ: बँक ७० टक्के कर्जाला नाही का म्हणते?

प्रश्न
शेतकरी उत्पादक कंपनीचा १ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, कुसुम योजनेच्या घटक-अ मधला, म्हणजे शेतजमिनीवर वीज तयार करून वितरण कंपनीला विकायची. जमीन सभासदाची, उपकेंद्र ३ किलोमीटरवर, वितरण कंपनीशी २५ वर्षांचा करार, दर ३ रुपये १० पैसे. खर्च ४ कोटी. २ कोटी ८० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी, १२ वर्षांसाठी मागितलं. बँक म्हणते, प्रकल्प बसत नाही. शिवाय ३० टक्के अनुदान कर्जखात्यात कधी येतं?

फीडर११
घटक-अ मध्ये मालकाला भांडवली अनुदान नाही. युनिटमागे ४० पैसे मिळतात ते वितरण कंपनीला, तेही ५ वर्षंच. तुम्ही वाचलेले ३० टक्के घटक-क मधल्या फीडर सौरीकरणाचे, म्हणजे शेतीपंपांची वीजवाहिनी सौर विजेवर आणण्याचे. ते आराखड्यातून आजच काढा.

आता हिशोब. वर्षाला १६.५ लाख युनिट धरले तर ५१ लाख येतील. देखभाल, विमा मिळून ६ लाख गेले, उरले ४५. तुमचे हप्ते वर्षाला ४१ लाख. म्हणजे १ रुपया हप्त्यासमोर जेमतेम १ रुपया १० पैसे. बँकेला निदान १.२० हवे असतात. १५ वर्षं मुदत घेतलीत तर हप्ते ३७ लाखांवर येतात आणि गुणोत्तर १.२२ होतं.

रोहित्र
१.२२ वर विसंबू नका. १६.५ लाख हे सरासरी वर्ष झालं. बँकेचा अभियंता पी-९० आकडा मागतो, म्हणजे १० पैकी ९ वर्षं गाठता येईल इतकं उत्पादन. ते १५.३ लाख धरलं तर गुणोत्तर १.१२ वर घसरतं. त्यात उपकेंद्राचा पुरवठा गेला की इन्व्हर्टर बंद पडतात, भर उन्हातलं उत्पादन वाया जातं. कर्ज २ कोटी ४० लाखांवर आणा, १५ वर्षांनी. मग पी-९० वरही १.३० बसतं. बिलं उशिरा मिळतात, म्हणून दोन तिमाहींच्या हप्त्यांएवढी रक्कम प्रकल्पखर्चातच राखून ठेवा.

प्रश्नकर्ता
कृषी पायाभूत सुविधा निधीची ३ टक्के व्याजसवलत धरली तर?

फीडर११
घटक-अ ला ती लागू आहे, पण २ कोटींपर्यंतच्याच कर्जावर आणि ७ वर्षंच. आठव्या वर्षी पूर्ण व्याज भरायचं आहे, म्हणून गुणोत्तर सवलतीशिवाय काढा. कर्जवाटपाची अंतिम मुदतही आधी तपासा. आणि ४ कोटींत ती ३ किलोमीटरची ११ केव्ही लाइन आहे का? बहुतेक अंदाजपत्रकांत नसते. वाटेतल्या शेतकऱ्यांची संमतीपत्रं खांब रोवण्याआधी घ्या. एकानं अडवलं तर पॅनेल उभी राहूनही वीज जात नाही, आणि हप्ते मात्र सुरू होतात.