आईची चक्कर आणि डाव्या कानाने कमी ऐकू येणे : आजार एक की दोन?

प्रश्न – नदीकाठ

माझी आई ६४ वर्षांची असून ती कोल्हापुरात राहते. गेले पाच महिने पहाटे कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केली की तिला सारे घर गरगर फिरल्यासारखे वाटते. अर्ध्या मिनिटात हे थांबते, पण धास्ती इतकी बसली आहे की ती रात्रभर एकाच कुशीवर झोपते. सुरुवातीला दाखवलेल्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे पाहून ‘मणक्यांची चक्कर’ असे सांगितले, मानेला पट्टा दिला आणि सिनारिझिनच्या गोळ्या सुरू केल्या. त्या अजूनही चालू आहेत आणि तिला दिवसभर गुंगी असते.

याशिवाय ती फोन नेहमी उजव्याच कानाला लावते, हे या दिवाळीत माझ्या लक्षात आले. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण ते वयोमानाने व्हायचेच, असे तिचे म्हणणे आहे. या दोन्ही तक्रारी एकाच आजाराच्या असतील का? कानाचे मशीन लावले की चक्करही जाईल, असे एका दुकानदाराने सांगितले, त्यात तथ्य आहे का?

उत्तर – शंखनाभी

मी बरीच वर्षे कान-नाक-घसा विभागात काम केले आहे. तपासणीशिवाय निदान करता येत नाही, हे आधीच सांगतो. परंतु आपण केलेले वर्णन फार बोलके आहे. चक्करच्या रुग्णाला मी पहिल्यांदा दोनच गोष्टी विचारत असे : किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते. डोक्याची स्थिती बदलताच येणारी आणि मिनिटाच्या आत ओसरणारी गरगर बहुतेक वेळा आंतरकर्णातल्या कणांमुळे असते. तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक एका पटलावर चिकटलेले असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोके हलताच तिथला द्रव ढवळला जातो आणि डोके स्थिर झाले तरी ते फिरतेच आहे असा चुकीचा संदेश मेंदूला जातो.

याचे निदान एक्स-रेवर होत नाही. रुग्णाला खाटेवर बसवून, मान ४५ अंश वळवून झटकन आडवे करायचे आणि डोळ्यांकडे पाहायचे, ही डिक्स-हॉलपाइक चाचणी १९५२ पासून प्रसिद्ध आहे. बुबुळे विशिष्ट पद्धतीने थरथरली, तर बाधित कानही कळतो. मग एप्ली पद्धतीने डोके टप्प्याटप्प्याने फिरवून ते कण मूळ जागी परत नेता येतात. याला पाच-दहा मिनिटे लागतात आणि बहुतेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो, मात्र काहींना काही काळाने पुन्हा त्रास होतो. मानेचे दुखणे खरोखरच असेल तर ते आधी सांगावे, म्हणजे डॉक्टर पद्धतीत बदल करतील. चित्रफिती पाहून घरी प्रयोग करू नये, कारण बाजू चुकली तर उपयोग होत नाही.

गोळ्यांबद्दल थोडे कठोर लिहितो. सिनारिझिनसारखी औषधे तीव्र चक्करेत दोन-चार दिवस ठीक असतात, पण महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूची तोल सावरण्याची सवय मंदावते आणि वयस्क व्यक्तींत कंपवातासारखी लक्षणेही दिसू शकतात. ती कशी थांबवावीत हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. चक्करेबरोबर बोबडे बोलणे, दुहेरी दिसणे, तोंड वाकडे होणे किंवा चालताच न येणे असे काही झाले, तर कानाचा विचार न करता थेट रुग्णालय गाठावे.

या कणांमुळे ऐकू येणे कमी होत नाही. म्हणून डाव्या कानाचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा.

उत्तर – ध्वनिलेखा

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवण तपासणारी तज्ज्ञ, आहे. वयोमानाने येणारा बहिरेपणा बहुधा दोन्ही कानांत सारखाच आणि आधी उंच पट्टीच्या आवाजांत येतो. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण शब्द नीट कळत नाही. ‘साठ’ आणि ‘पाठ’ यांतला फरक नेमका त्या उंच पट्टीच्या व्यंजनात असतो. आपल्या आईंची तक्रार मात्र एकाच कानाची आहे, तेव्हा वयाकडे बोट दाखवून ती सोडून देऊ नये. कारण नुसता मळही असू शकेल, पण कानात पाहून आणि शुद्ध स्वरांची ऑडिओमेट्री करून खात्री करावी. या चाचणीत हेडफोनने आणि कानामागच्या हाडावरून असे दोन्ही मार्गांनी ऐकवले जाते. दोन्हींत तफावत निघाली तर दोष बाह्य किंवा मध्यकर्णाचा, नाहीतर आंतरकर्णाचा किंवा नसेचा. आंतरकर्णाचा दोष एकाच बाजूला ठळक असेल, तर श्रवणतंत्रिकेवर गाठ नाही ना हे पाहण्यासाठी एमआरआय सुचवला जातो. अशा गाठी विरळा असतात.

दुकानदाराचे म्हणणे बरोबर नाही. मशीन ऐकण्यासाठी असते, त्याने ही चक्कर जात नाही. आणि ऑडिओग्राम, म्हणजे या ऑडिओमेट्रीचा आलेख, काढल्याशिवाय मशीन घेणे म्हणजे डोळे न तपासता चष्मा घेणे आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत या तपासण्या होतात, परंतु कोल्हापुरातही ऑडिओलॉजिस्ट मिळतील, त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. आणखी एक : कोणाला दोन-तीन दिवसांत अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब समजावी, कारण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.

उत्तर – दडपलेला कान

मला मेनियरचा, म्हणजे आंतरकर्णाचाच एक वेगळा आजार आहे. तुलनेसाठी लिहितो : माझी चक्कर दोन-तीन तास टिकते, त्याआधी कानाला दडा बसतो, घूं-घूं आवाज वाढतो आणि ओकाऱ्या होतात. झटका ओसरल्यावर ऐकणे थोडे परत येते, परंतु वर्षागणिक खालच्या पट्टीचे आवाज कमीच होत गेले. मीठ कमी करायचे म्हणून लोणचे-पापड बंद केले आणि झटक्यांची वही ठेवली. त्या वहीवरूनच निदान पक्के झाले. मला बेटाहिस्टिनने बरे वाटते, असे मी सर्वांना सांगत असे. २०१६ साली जर्मनीतल्या चाचणीत ते औषध आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही, हे वाचल्यापासून आवाज जरा खाली आणला आहे. आईंची चक्कर अर्ध्या मिनिटाची असेल, तर ती माझ्यासारखी दिसत नाही.

नदीकाठ (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. डॉक्टरांनी खाटेवर चाचणी केली, दोष उजव्या कानात निघाला आणि दुसऱ्या खेपेनंतर गरगर थांबली. सिनारिझिन डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाले. डाव्या कानात मळ नव्हता. ऑडिओग्राममध्ये उंच पट्टीला उजव्यापेक्षा स्पष्ट घट आहे, म्हणून एमआरआय सांगितला असून तो गुरुवारी आहे. आई दोन्ही कुशींवर झोपू लागली आहे, तरी वळताना अजून पलंगाची कड घट्ट धरते.